या कानाचं त्या कानाला

आमच्या डोंबिवलीच्या घरात पूर्वी रेडिओ एक होता आणि ऐकणारी माणसं सहा होती. आता माणसं चार उरली आहेत, आणि ऐकायची यंत्रं परवा सहज मोजली तर नऊ भरली. त्यांतली तीन बंद आहेत, दोन चालू आहेत पण कुठे आहेत ते ठाऊक नाही, एकाचा डावा कान हरवला आहे आणि उरलेल्या तिघांना कन्येखेरीज कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे. एवढं सगळं असून अण्णा एके दिवशी जेवताना म्हणाले, "या घरात बरेच दिवसांत गाणं झालं नाही रे."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षं ७९. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पुराव्याशिवाय विधान करत नाहीत. पण हे विधान मला पटेना. कन्या तर दिवसभर ऐकत असते. कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी खोचून ती अभ्यास करते, जेवते आणि आमच्याशी भांडते. सौ. ओट्यावर मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ऐकते. मी सकाळच्या लोकलमध्ये ऐकतो. म्हणजे घरात गाणं भरपूर होतं, फक्त ते ज्याच्या त्याच्या कानात होतं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर सगळी खाती स्वतंत्र, जॉइंट अकाउंट एकही नाही.

तेव्हा मी ठरवलं की घरात गाणं ऐकायचं एक नीट साधन आणायचं. सणाची उचल मिळाली होती. त्यातले पंधरा हजार बाजूला काढले. सौ. म्हणाली, "अहो, आधी तो मिक्सर दुरुस्त करा. त्याचाही आवाज सगळ्या घराला ऐकू येतो." पण मी ठाम राहिलो. कॉमर्सचा पदवीधर आयुष्यात ठाम राहतो ते एक तर ताळेबंद जुळत नसताना किंवा खरेदी करताना.

आता आमच्या शाखेत तीन कोटेशनं आल्याशिवाय केरसुणीसुद्धा घेतली जात नाही. तुलनात्मक तक्ता हवाच. तक्ता करायला तज्ज्ञ हवा. तो आमच्याकडे कर्ज विभागात बसतो. आम्ही त्याला कानसेन म्हणतो. गृहस्थाचं घर भाड्याचं आहे, पण हेडफोन मालकीचे आहेत, आणि तेही सात. कर्जदाराची कागदपत्रं तो नाखुशीने उघडतो, पण हेडफोनचा विषय निघाला की जेवणाचा डबा उघडा टाकून बोलतो.

कानसेनाचं पहिलं सूत्र असं : "पैसे थोडे असतील तर हेडफोन घ्यावा. स्पीकरला खोलीभर हवा हलवावी लागते. हेडफोनला फक्त कानापुरती."

हे सूत्र शंभर टक्के खरं आहे, हे मी प्रथमच कबूल करतो. खालचा स्वर म्हणजे सावकाश हलणारी पुष्कळ हवा. ती हलवायला मोठा पडदा पाहिजे, मोठा पडदा ठेवायला मोठी पेटी पाहिजे, आणि मोठी पेटी ठेवायला डोंबिवलीत मोठी जागा पाहिजे, म्हणजे विषय पुन्हा गृहकर्जावर येतो. हेडफोनचा पडदा चाळीस मिलिमीटरचा असला तरी तो कानाला चिकटून बसलेला असतो. त्याला ना भिंतींशी कर्तव्य ना शेजाऱ्यांशी. त्यामुळे पाच हजारांचा हेडफोन जे ऐकवतो, ते ऐकवणारी स्पीकरची जोडी घ्यायची तर त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडण्यासारखा हा मुद्दा नाही.

एका रविवारी कानसेन पिशवी भरून माल घेऊन आला. स्पीकरांपैकी क्रिएटिव्हची पेबल नावाची छोटी जोडी कन्येच्या टेबलावर आधीपासूनच होती. एडिफायरची आर १२८० टी ही लाकडी खोक्यांची जोडी कानसेनाने आपल्या मेहुण्याकडून आठवड्याच्या बोलीवर उसनी आणली. हेडफोनांत ऑडिओ-टेक्निकाचा एम २० एक्स, कॉसचा पोर्टा प्रो आणि सेनहायझरचा एचडी ६०० असे तीन उमेदवार होते. चौथा उमेदवार म्हणजे एका विमा एजंटाने दिवाळीला मिठाईऐवजी दिलेली बिनवायरची कानातली. नाव सांगण्यासारखं त्यावर काही छापलेलंच नव्हतं.

परीक्षेला प्रश्न कोणता घालायचा? कन्या म्हणाली, तिच्याकडे एक गाणं आहे, त्यात 'बेस' छातीत लागतो. अण्णा म्हणाले, "छातीत लागण्याचं माझं वय नाही. तू आधी नुसता तानपुरा लाव."

कानसेनाने तिथल्या तिथे अण्णांना वाकून नमस्कार केला. कारण तानपुऱ्यासारखा परीक्षक नाही. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज हर्ट्झमध्ये मोजला तर ६९ च्या आसपास येतो. हा झाला तळमजला. त्यावर त्या एका तारेतून वरचे स्वर मजल्यामागून मजले चढत जातात. जवारी नीट लागलेली असेल तर त्यांत न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्यालाच आपले लोक स्वयंभू गंधार म्हणतात. यंत्राच्या तळाची आणि माथ्याची परीक्षा एकाच वेळी. वर पुन्हा तबल्याच्या गडबडीत चुका लपवायची सोय नाही.

पहिला नंबर एजंटाच्या कानातल्यांचा. गंधार दूरच राहिला, तानपुराच कुठल्या तरी शेजारच्या इमारतीत वाजत असल्यासारखा वाटला. बिनवायरच्या सगळ्याच वस्तू अशा असतात असं नाही. हल्ली चांगल्याही मिळतात. पण त्यांचा मूळ स्वभाव मला नोकरदारासारखा वाटतो. रोज चार्ज कराव्या लागतात आणि काही वर्षांनी कितीही चार्ज केल्या तरी दुपारनंतर काम करेनाशा होतात. शिवाय अण्णांच्या कानात ती बसेचनात. एक वरणात पडलं. सौ.ने ते चमच्याने काढलं आणि म्हणाली, "हं, आता याचा बास खाली बसला."

मग पेबल. दोन-दोन इंचांचे स्पीकर, संगणकाच्या यूएसबीवरच चालणारे. बोलणं स्वच्छ, बातम्या उत्तम, कन्येचे ऑनलाइन वर्ग झकास. खर्ज मात्र गायब. तरीही गंमत अशी की तानपुरा तानपुराच वाटत होता. मी म्हटलं, वा, एवढ्याशा डबीतून खर्ज आला! कानसेन म्हणाला, "आला नाही. वरचे स्वर ऐकून तुझ्या मेंदूने तो खाली स्वतःच लिहून टाकला." हे शास्त्र खरं आहे. मूळ स्वर नसला तरी त्याच्या पटीतले स्वर ऐकू आले की आपण मूळ स्वर आहे असं धरून चालतो. आम्ही बँकेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतो. नोंद नाही, पण हिशेब जुळतो.

एम २० एक्स कानावर चढवला आणि पहिला चमत्कार झाला. खर्ज होता. खराखुरा, गोल, जमिनीला टेकलेला. हा हेडफोन बंद पद्धतीचा, म्हणजे कानाभोवती दार लावून घेणारा. बाहेरचं जग बाहेर. सौ.ची हाक ऐकू येत नाही हा त्याचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा धोका. त्याची वायर तीन मीटर लांब आहे आणि ती सुटी होत नाही. त्यामुळे मी हॉलमध्ये ऐकत असताना घरातली माणसं दोरीवरच्या उड्या मारल्यासारखी ये-जा करतात. मे महिन्यात कानाला घाम येतो. आणि या जातीच्या बऱ्याच हेडफोनांच्या गाद्या आपल्या दमट हवेत काही वर्षांत सोलवटतात. मग कानावर काळ्या पापुद्र्यांची पखरण होते आणि ऑफिसात लोक त्वचारोगतज्ज्ञाचं नाव सुचवतात. सुदैवाने गाद्या बदलून मिळतात. हिशेबात तो घसारा आधीच धरावा.

पोर्टा प्रो १९८४ सालापासून जवळपास त्याच रूपात विकला जातोय. एवढी निष्ठा आता फक्त शाईच्या दौतीत दिसते. अगदी हलका, कानावर नुसता टेकणारा, स्पंजाचा. बाजू उघड्या, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आवाज उबदार, खालच्या अंगाला थोडा जास्त प्रेमळ. त्याच्या धातूच्या पट्टीत डोक्याचे केस अडकतात अशी तक्रार सर्वत्र आहे. मला तो त्रास झाला नाही. याहून जास्त खुलासा करण्याची जरुरी नाही.

एचडी ६०० ही कानसेनाची ठेव. १९९७ सालचं मॉडेल, उघड्या पाठीचं. हा हेडफोन ३०० ओहमचा आहे. ओहम म्हणजे काय, हे मला कानसेनाने माझ्याच भाषेत सांगितलं : "हा कडक मॅनेजर समज. मोबाईलसारख्या किरकोळ माणसाच्या अर्जाला तो दाद देत नाही. मागे वजनदार अ‍ॅम्प्लिफायर उभा पाहिजे." अ‍ॅम्प्लिफायर जोडला, आणि खोटं का बोला, तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या उभ्या राहिल्या. गंधार तर असा आला की मी आजूबाजूला पाहिलं. किंमत विचारली आणि पुन्हा आजूबाजूला पाहिलं. आमच्या पंधरा हजारांत तो बसणं शक्य नव्हतं. तो उमेदवार मुलाखतीपुरताच राहिला.

इथे कानसेनाने आपलं दुसरं सूत्र काढलं. वायर. त्याच्याकडे सोन्याच्या मुलाम्याची एक वायर होती. तिने आवाजावरचा पडदा बाजूला होतो म्हणे. कन्या अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही पाठ करून बसा. मी वायर बदलते, तुम्ही ओळखा." पहिल्यांदा कानसेन म्हणाला, ही साधी. दुसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "अहाहा! गेला बघ पडदा." कन्येने वायरीला हातच लावला नव्हता. ती दोन्ही वेळा नुसती खुडबुड करून परत आपल्या जागी बसली होती. पडदा खरंच गेला होता, पण तो कानसेनाच्या डोळ्यांवरचा. तेव्हा वाचकहो, वायर तुटकी नसावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवा. पैसे घालायचेच तर सुपारीएवढा डॅक मिळतो, त्यात घाला. जुन्या संगणकाच्या भोकात हेडफोन खुपसला की माउस हलवताना कुई कुई ऐकू येते. आकड्यांचा आवाज करायचं काम संगणकाच्या पोटाबाहेर काढलं की ती थांबते. त्याहून जास्त चमत्काराची अपेक्षा करू नका.

एवढ्यात मी एका खोक्यावर वाचलं : २० ते ४०,००० हर्ट्झ. मी विचारलं, आपल्याला एवढं ऐकू येतं का? कन्येने मोबाईलवर चाचणी लावली. बारीक शिटीसारखा आवाज खालून वर चढत जातो. ऐकू यायचा थांबला की हात वर करायचा. कन्येचा हात १७,००० च्या आसपास वर गेला. माझा १३,००० ला. चाळीस हजार ऐकू शकणारा प्राणी आमच्या इमारतीत एकच आहे, आणि तो म्हणजे जिन्यात झोपणारी मांजर. तिच्यासाठी मी जादा पैसे भरावेत असं आमचे संबंध नाहीत.

मग अण्णांची पाळी. ते हेडफोन लावून शांत बसले. आवाज चढत गेला. सहा हजार झाले, आठ झाले, दहा झाले. अण्णांचा हात मांडीवर. कन्या माझ्याकडे पाहू लागली. अण्णा म्हणाले, "अगं, सुरू कर ना. मघाशी थोडं वाजलं आणि बंद पडलं."

कोणी हसलं नाही. तुलनात्मक तक्त्यात न मागवलेलं हे कोटेशन होतं.

वय झालं की कानाचे वरचे स्वर आधी जातात, हे मला वाचून माहीत होतं. स, श, फ ही अक्षरं त्याच वरच्या मजल्यावर राहतात. अण्णा गेली दोन वर्षं म्हणत होते की हल्लीचे गायक शब्द खातात. मी दोन वर्षं त्यांना समजावत होतो की तसं काही नाही, तुम्ही लक्ष देत नाही. टीव्हीचा आवाज मोठा केला की माझा आवाज त्याहून मोठा होत असे. शब्द गायकही खात नव्हते आणि लक्षही जागेवर होतं. त्याच आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयोमानाने झालंय, कानात घालायचं यंत्र घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, "बघू." रेल्वेच्या हिशेब खात्यात 'बघू'चा अर्थ फाईल जिवंत आहे एवढाच होतो. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. हेडफोन हे श्रवणयंत्र नव्हे. ऐकू येत नाही म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत नेला तर उरलेलंही जाईल. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा की ८० डेसिबलला मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकावं, त्यापुढे नको. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. कानाचं खातं असं आहे की त्यात पैसे काढता येतात, भरता येत नाहीत.

त्या रात्री डॉक्टरांचा सल्ला सांभाळून, बेताच्या आवाजात, मी अण्णांना एम २० एक्स लावून दिला. भीमसेनांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही तिघं आपापल्या कामाला लागलो. घर शांत. अकराच्या सुमाराला अण्णा एवढ्या जोराने "वा!" म्हणाले की वरच्या मजल्यावरच्या काकांनी खिडकी उघडली. मी धावत हॉलमध्ये गेलो. अण्णांचा चेहरा खुलला होता. तानपुरा डोक्याच्या आत फिरतोय म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच ऐकत नव्हतं. ऐकणं शक्यच नव्हतं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आवाज झकास आहे रे. पण दाद कोणाला द्यायची?"

हेडफोनबद्दल मी जेवढं वाचलंय त्यात हा दोष कुठे नोंदलेला दिसला नाही. वास्तविक दोष जुना आहे. हेडफोन मुळात संगीतासाठी जन्मालाच आला नाही. १९१० साली अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केलेले हेडफोन तिथल्या नौदलाने घेतले, ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. संदेश एकट्यानेच ऐकायचा असतो. १९५८ साली जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन काढला तेव्हा कुठे गाणं त्यात शिरलं. आणि १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला तेव्हा त्याला हेडफोनची भोकं दोन होती. कारण असं की कंपनीचे अकिओ मोरिता यांनी तो घरी वापरून पाहिला, तर बायको रागावली. एकट्याने ऐकत बसणं हा त्यांना उद्धटपणा वाटला. म्हणून दोघांना ऐकता यावं अशी सोय केली, आणि मध्येच एकमेकांशी बोलायला एक बटणही दिलं. पण लोकांना दुसरं भोक नकोच होतं. पुढे ते गेलं. सौभाग्यवती मोरितांचं म्हणणं आणि अण्णांचं म्हणणं एकच. गाणं ऐकताना शेजारी माणूस लागतो. आपल्याकडे तर जास्तच लागतो. समेवर हात उचलायचा तो कोणीतरी पाहायला हवा. बैठकीत "क्या बात है" हे निम्मं गायकाला असतं आणि निम्मं शेजारच्याला.

हेडफोनमध्ये तर दोन कानांचीसुद्धा एकमेकांशी ओळख नसते. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिरा, थोडा हळू पोचतो, आणि त्यावरून आपण म्हणतो की गवई समोर बसलाय. हेडफोनमध्ये या कानाचं त्या कानाला कळत नाही. मग गवई समोर न बसता आपल्या कवटीत बसतो. सतार-सरोदाची जुगलबंदी तर अशी वाटते की दोन भाऊ डोक्यात वाटणी करून राहताहेत. जुन्या मोनो रेकॉर्डिंगला हा प्रश्न नाही. तिथे दोन्ही कानांना सारखंच मिळतं. पण तिथेही हिराबाई बरोबर भुवयांच्या मध्यभागी गात असतात, आणि रेकॉर्डची खरखर पूर्वी कधी नव्हती एवढी स्वच्छ ऐकू येते.

उरली एडिफायरची जोडी. चार इंचांचा खालचा स्पीकर, वर तेरा मिलिमीटरचा बारीक आवाजाचा. अ‍ॅम्प्लिफायर एका खोक्याच्या पोटातच, ४२ वॉटचा. दुसरं खोकं वायरने त्याच्या आज्ञेत. मी ती आधी कपाटावर भिंतीला चिकटवून ठेवली. कोणीही शहाणा माणूस तिथेच ठेवेल. तबला विहिरीत वाजू लागला. भिंत आणि कोपरा खालचे आवाज फुगवतात. मग कानसेनाच्या सांगण्यावरून टेबलावर आणली, भिंतीपासून हातभर पुढे ओढली, दोन खोकी आणि अण्णांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला, आणि बारीक स्पीकर कानाच्या पातळीला यावा म्हणून खाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या घातल्या. त्या मी का जपून ठेवल्या, असं सौ. वीस वर्षं विचारत होती. तिला उत्तर मिळालं. खोलीत गाद्या-पडदे असले की आवाज घुमत नाही, असं जाणकार सांगतात. आमच्या हॉलमध्ये सामान इतकं आहे की घुमायला आवाजाला जागाच नाही.

तानपुरा लावला. खर्ज एम २० एक्सएवढा आला नाही. एचडी ६०० च्या गंधाराची तर गोष्टच सोडा. तक्त्यात मी प्रामाणिकपणे तसे गुण लिहिले. पण खोक्याच्या बाजूला बास आणि ट्रेबलची दोन साधी बटणं आहेत. कानसेन त्यांना हात लावणं पाप समजतो. मी ट्रेबलचं बटण थोडं पुढे फिरवलं. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "आता शब्द कळतोय," म्हणाले. मी काही बोललो नाही. दोन वर्षांचं जे बोलून झालं होतं ते पुरेसं होतं.

निकाल सांगतो. नुसता आवाज तोलायचा असेल, रात्री ऐकायचं असेल, किंवा घरात परीक्षेचं मूल असेल तर चार आकड्यांत मिळणारा वायरचा हेडफोन घ्यावा. रुपयाला रुपया त्याला तोड नाही. उन्हाळ्यात ऐकणाऱ्याने आणि कुकरवर लक्ष ठेवणाऱ्याने उघडा घ्यावा, लोकलमध्ये ऐकणाऱ्याने बंद. टेबलावर जागा वीतभरच असेल तर पेबलसारखी छोटी जोडी पुरे, खर्ज तुमचा तुम्ही भरा. पण घरात एकापेक्षा जास्त माणसं असतील, आणि ती एकमेकांशी बोलत असावीत अशी इच्छा असेल, तर स्पीकर घ्यावेत. ते पैशाच्या मानाने कमी ऐकवतात. पण जास्त जणांना ऐकवतात, आणि दरडोई काढलं तर हिशेब बरोबर येतो. मी लॅमिंग्टन रोडला जाऊन एडिफायरची जोडी आणली आणि उरल्या पैशांत पोर्टा प्रो. मिक्सर अजून तसाच आहे.

आता सकाळी साडेसहाला गाणं लागतं. ट्रेबल थोडा जास्त असतो, तो कानसेनाला खुपतो, म्हणून तो आला की मी मागे करतो आणि गेला की पुढे. पहिले दोन दिवस कन्येने कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी ती कानातलं एकच शेंगदाण्याएवढं घालून नाश्त्याला बसली. दुसरा कान आमच्यासाठी मोकळा होता. हीही प्रगतीच म्हणायची.

परवा भीमसेनांची एक लांबलचक तान समेवर आली आणि अण्णांनी हात उचलला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात सौ.चं लाटणं पोळपाटावर थाडकन आपटलं. सौ.ला गाण्यातलं काही कळत नाही, असं ती स्वतः म्हणते. अण्णांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, वा!"

"काय झालं?" ती आतून म्हणाली. "पोळी फाटली."

अण्णांना 'फाटली' ऐकू आलं नसावं. ते समाधानाने मान डोलवत राहिले.